जांभ्यावरची लाईन

२९ जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीची शेवटची फेरी. पुढे फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्स्की, त्याच्या चाकाला चाक लावून ब्रिटनचा टॉम पिडकॉक. एलाँकूरच्या टेकडीवरच्या झाडीत एका ठिकाणी वाटेच्या मधोमध झाड आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी सायकल जाऊ शकते. कोरेत्स्की एका अंगाने गेला, पिडकॉकने दुसरं अंग धरलं. झाडापलीकडे दोन्ही वाटा पुन्हा एक झाल्या तेव्हा पिडकॉक पुढे घुसलेला होता. दोघे एकमेकांना घासले, कोरेत्स्कीची लय तुटली आणि सुवर्णपदकाचा निकाल तिथेच लागला. समाप्तीच्या रेषेवर अंतर होतं नऊ सेकंदांचं.

त्या शर्यतीबद्दल बोलताना बहुतेकजण पंक्चरची गोष्ट सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. चौथ्या फेरीत पिडकॉकचं पुढचं चाक बसलं, ते बदलून घेण्यात जवळपास चाळीस सेकंद गेले, तो मागे फेकला गेला आणि तिथून एकेकाला गाठत पुन्हा आघाडीवर आला. दमाची आणि थंड डोक्याची ती कमालच. तरी माझ्या लेखी त्या शर्यतीचं मर्म झाडापाशी आहे. दम ऑलिम्पिकला आलेल्या प्रत्येकाकडे असतो. पण जवळजवळ दीड तास छाती फुटेस्तोवर सायकल मारल्यावर, समोरचा पाठमोरा प्रतिस्पर्धी सोडून जमिनीकडे बघणं आणि तिथे आणखी एक वाट आहे हे त्या क्षणी आठवणं ही वेगळीच ताकद आहे. फ्रेंच प्रेक्षकांनी नंतर पिडकॉकची हुर्यो केली. घरच्या माणसाचं सोनं डोळ्यांदेखत गेलं की असं होणारच. पण चाल स्वच्छ होती. ती दुसरी वाट सकाळपासून सगळ्यांसाठी खुली होती.

सायकलवाले याला ‘लाईन’ म्हणतात. दगड, मुळं, खड्डे, वाळू आणि उतार यांच्या मधून चाक नेमकं कुठून न्यायचं, याचा तो निर्णय. रस्त्यावरच्या शर्यतीत याला फार वाव नसतो. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटांचा राजा’ ठरतो तो पायांच्या जोरावर. डांबर सगळ्यांना सारखंच असतं, आणि सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला राहून दम राखण्याची विद्या तिथे मोठी. माउंटन बाइकमध्ये वेग कमी, वारा कमी, आडोसा नाही. माणूस आणि जमीन, एवढंच. म्हणून ही शर्यत बघताना कोण पुढे आणि कोण मागे एवढंच बघणारा अर्ध्याहून जास्त गोष्टीला मुकतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे पटवून द्यायला वेळ लागत नाही. खासबागेत कुस्ती बघणारा शेतकरी चीतपट झाल्यावरच टाळी वाजवतो असं थोडंच आहे? पट काढताना हात कुठे गेला, समोरच्याने वजन कुठल्या पायावर घेतलं, यावर तो आधीच ‘हां’ म्हणून जातो. तीच नजर सायकलीकडे वळवायची आहे. आणि ती वळवण्यासाठी चंदगडइतकी चांगली जागा मला महाराष्ट्रात दुसरी माहीत नाही.

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याचा दक्षिणेकडचा शेवटचा तालुका. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला घाट उतरला की दोडामार्ग आणि गोवा. घटप्रभा आणि ताम्रपर्णी इथून पूर्वेला जातात, कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरतात. तिलारी मात्र पश्चिमेला कोसळते आणि गोव्यात शापोरा होऊन अरबी समुद्राला मिळते. म्हणजे इथल्या एखाद्या धारेवर उभं राहिलं की डावीउजवीकडे पडणारा पाऊस दोन वेगळ्या समुद्रांना जाणार असतो. या पाणलोटामुळेच इथली जमीन इतक्या पटकन बदलते. वर सड्यावर जांभा: लोह आणि अॅल्युमिनिअमने भरलेला, छिद्राछिद्रांचा, उघड्यावर आला की आणखी टणक होणारा. बॉक्साइटच्या खाणी इथे निघाल्या त्या त्याच्याच पायी. सड्याच्या कडेला त्याच जांभ्याचा चुरा, मटाराएवढी गोल तांबडी खडी. त्याखाली काजूच्या बागांतली भुसभुशीत लाल माती. ओहोळात पाण्याने गुळगुळीत केलेला काळा कातळ. आणि तळाला भाताची खाचरं, त्यांचे अरुंद बांध आणि गाडीवाटा.

पाटणे फाट्यावरून आत शिरून हेऱ्याच्या पुढे तिलारीनगरच्या दिशेला गेलं की पाच-सहा किलोमीटरच्या एका फेरीत ही सगळी जमीन चाकाखालून जाते. परदेशात यासाठी फावड्यांनी आणि यंत्रांनी वाटा कोरतात. एलाँकूरची टेकडीसुद्धा अशीच: आधी दगडाची खाण, मग भरावाची जागा, मग ऑलिम्पिकची वाट. इथे ते काम पावसाने, गुरांनी आणि काजू वेचायला जाणाऱ्या बायकांच्या पावलांनी केलेलं आहे.

आमची शर्यत म्हणजे मित्रांची शर्यत. तिला नाव नाही, बक्षीस नाही, छातीवर नंबर नाही. भाताची कापणी उरकली आणि काजूला मोहोर धरायला लागला की कोल्हापूर, गडहिंग्लज, बेळगाव आणि दोडामार्गकडची मंडळी एका मित्राच्या काजूबागेत जमतात. त्याची बाग, शेजाऱ्यांच्या दोन बागा आणि वाडीची पाणंद मिळून फेरी होते. शेजाऱ्यांना आधी विचारलेलं असतं. शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी सकाळी शर्यत, दुपारी जेवून परतायचं. कोणी बँकेत मॅनेजर, कोणी बेळगावात फाउंड्री चालवणारा, एक फिजिओथेरपिस्ट मॅडम, एक मास्तर. शिवाय वाडीतला एक कॉलेजकुमार, जो सुरुवातीला फक्त फाटक उघडून द्यायला यायचा. मी या वेळी शर्यतीत नव्हतो. वेळ मोजायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी मुद्दाम मागून घेतलं होतं, कारण सायकलवर असताना स्वतःच्या चाकापुढचे पंधरा फूटच काय ते दिसतात.

शनिवारी पोचल्यावर पहिली गोष्ट ठरलेली: सायकली भिंतीला टेकवून फेरी पायी चालायची. नव्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण शर्यत निम्मी इथेच होते. फाउंड्रीवाले जांभ्याच्या प्रत्येक पायरीवर बूट आपटून बघतात, कुठला दगड पक्का आणि कुठला हलतो ते. मॅडम उताराच्या तळाशी जाऊन वर बघतात; खालून बघितलं की वाटेचा वाक वेगळाच दिसतो. मॅनेजर चढावर उलटे चालतात. का, ते विचारलं तर म्हणाले, “चढताना घसरलो तर कुठं जाऊन थांबणार, ते आधी बघून ठेवायचं.” मास्तर काहीच बघत नाहीत, वाटेतल्या प्रत्येकाशी बोलत चालतात. आणि त्यांनाच ओहोळाजवळ धुणं धुणाऱ्या आजींनी सांगितलं, “उद्या सकाळी जपून जावा हां. खालचा दगड शेवाळलेला हाय, वरनं दिसत न्हाई.” ही माहिती कुठल्याही नकाशात मिळाली नसती.

रात्री चुलीत रताळी भाजायला टाकलेली. चंदगड–बेळगाव पट्ट्याची लाल मातीतली रताळी ती, भाजल्यावर साल बोटाने निघते. नाचणीची भाकरी, तांबडा रस्सा. आणि अंगणात टायरच्या हवेवर दोन तास वाद. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण हा वाद बिनमहत्त्वाचा नाही. माउंटन बाइकचा टायर सव्वादोन इंच रुंद असतो, ट्यूबलेस, आत पातळ सीलंट. हवा जास्त भरली तर चढावर चाक हलकं पळतं, पण खडीवर उड्या मारत घसरतं. कमी भरली तर टायर जमिनीचा आकार घेतो, पकड येते. मात्र जांभ्याच्या धारदार कडेवर आदळला तर टायर दाबून कड थेट रिमला लागते. अठ्ठावीस पीएसआय भरून मॅनेजरांनी ठरवलं की ते चढावर जिंकणार आणि उतारावर जपून राहणार. फाउंड्रीवाल्यांनी बावीसवर आणलं, म्हणजे त्यांचा डाव उताराचा. मॅडमनी पुढच्या चाकात कमी आणि मागच्यात जास्त ठेवली. पुढचं चाक वळवतं, त्याला पकड हवी. मागच्यावर अंगाचं वजन, त्याला आधार हवा. बोट टायरवर दाबून प्रत्येकजण आपला उद्याचा स्वभाव ठरवत होता.

कॉलेजकुमाराने हवेला हातच लावला नाही. त्याने पाना मागितला आणि सीट चार बोटं खाली केली. महागड्या सायकलींना हल्ली हँडलवरच्या कळीने सीट खालीवर करायची सोय असते. त्याच्या सायकलीला ती नाही. सीट खाली म्हणजे चढावर गुडघे पूर्ण सरळ होणार नाहीत, मांड्या पेटणार, वेळ जाणार. पण उतारावर सायकल अंगाखाली मोकळी हलणार. एकच सीट, एकच जागा. चढ सोडून उतार घ्यायचा हा निर्णय त्याने रात्रीच घेऊन टाकला आणि झोपायला गेला.

हा खेळ जन्माला आला तोही अशाच उतारापायी आणि अशाच मित्रांच्या टोळक्यात. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावर ढकलत न्यायचे आणि मातीच्या वाटेने खाली सोडायचे. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिल्यांदा वेळ लावून शर्यत घेतली. उतार दोन मैलांच्या आसपास, उतरण तेराशे फूट. ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात, पेडल उलटं दाबून लावायचे. तळाशी पोचेपर्यंत तुंब्यातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या उताराचंच नाव ‘रिपॅक’ पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची, चार्ली केली ही त्या मंडळातली नावं. पुढे त्यांच्यातूनच माउंटन बाइक घडली. वीस वर्षांनी, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आला. रविवारच्या मित्रांच्या शर्यतीपासून ऑलिम्पिकपर्यंतचा इतका छोटा प्रवास फार थोड्या खेळांचा असेल. म्हणून हौशी शर्यतीकडे मी खालच्या दर्जाची गोष्ट म्हणून कधीच बघत नाही. या खेळाचं मूळ रूप तेच आहे.

रविवारी सकाळी चार फेऱ्या ठरल्या. मी उभा राहिलो ते ओहोळापलीकडच्या वळणावर.

ते वळण नीट सांगायला हवं. वरून काजूच्या झाडांतून वाट वेगाने खाली येते, ओहोळ ओलांडते. पाणी घोट्याएवढंच, खाली काळा कातळ. ओहोळातून वर येताच जांभ्याची दीड फुटाची पायरी खाली उतरते आणि लगेच डावीकडे काटकोनात वळण. वळणाच्या आतल्या बाजूला काजूचं मूळ, मनगटाएवढं जाड, वाटेला तिरपं. बाहेरच्या बाजूला वाळलेल्या पानांचा थर. काजूचं पान चिवट, वाळलं तरी मोडत नाही. एकावर एक बसलेली ती पानं चाकाखाली सरकतात. वर एक आडवी फांदी, बेताची. म्हणजे तीन वाटा: पायरीवरून सरळ उडी, आतून, मूळ आणि दगड यांच्या मधल्या वीतभर जागेतून, किंवा बाहेरून, पानांवरून मोठा वळसा घेऊन.

पहिल्या फेरीत फाउंड्रीवाले आधी आले आणि सरळ उडी घेतली. बघायला देखणी. कोपरं बाहेर, टाचा खाली, सायकल हवेत क्षणभर अंगाखालून सुटलेली. पण उतरताना सगळं वजन पुढच्या चाकावर पडलं, समोर मूळ, आणि त्यांना ब्रेक दाबावा लागला. उडीत जे कमावलं ते ब्रेकमध्ये गेलं. पुढच्या चढावर पहिलं पेडल मारेपर्यंत वेग मेलेला.

त्यांच्यामागे मॅडम. त्यांनी ओहोळाच्या आधीच, म्हणजे मी उभा होतो तिथून दिसणारही नाही इतक्या लवकर, ब्रेक लावून सोडून दिला होता. पाण्यातून आल्या त्या हाताची बोटं ब्रेकवर नुसती टेकवून. पायरीच्या कडेला जिथे ती सर्वात बुटकी आहे तिथून चाक खाली घेतलं आणि बाहेरून वळसा. पानांवर मागचं चाक थोडं सरकलं. त्यांनी सरकू दिलं. नजर वळणाच्या पलीकडे, चढावर. वळणात त्या सगळ्यांत हळू होत्या, आणि वळणातून बाहेर पडताना सगळ्यांत जोरात. हे ज्याला दिसलं त्याला माउंटन बाइक समजली असं मी म्हणेन. वळण हे वळणात जिंकायचं नसतंच. त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर जिंकायचं असतं.

मॅनेजरांनी पहिल्या फेरीत पाय टेकला. मास्तर उतरून सायकल खांद्यावर घेऊन आले, मला राम राम घातला आणि पुढे गेले.

मग कॉलेजकुमार. चढावर मागे पडलेला, पाचवा. त्याने आतली वाट घेतली, जी मी शनिवारी मोजलीच नव्हती. मूळ तिरपं असल्यामुळे त्यावरून चाक घसरणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याने पुढचं चाक मुळावर ठेवलंच नाही. हँडल किंचित वर खेचून चाक मुळापलीकडे टेकवलं, गुडघे वाकवून मागचं चाक मुळाच्या बुंध्याकडच्या, म्हणजे जाड आणि जवळजवळ सपाट भागावरून येऊ दिलं, आणि सीट खाली असल्यामुळे सायकल त्याच्या मांड्यांमधून डावीकडे कलली पण तो स्वतः सरळच राहिला. फांदीखालून डोकं काढलं तेही न वाकता, नुसता खांदा टाकून. आवाज जवळजवळ नाहीच. टायर मातीत दाबल्याचा तेवढा. इतक्या सलग हालचालीला दाद द्यायला माझ्या तोंडातून शब्द निघाला तोवर तो चढाला लागलाही होता.

तो या वळणावरून रोज जातो. पण म्हणून त्याचं कौतुक कमी करायचं कारण नाही. वाडीतले सगळेच तिथून जातात. पायाखालच्या वाटेचं चाकाखालच्या वाटेत रूपांतर करणं हे त्याचं स्वतःचं काम आहे.

खरी गंमत तिसऱ्या फेरीपासून सुरू झाली. चाकांनी ओहोळातलं पाणी प्रत्येक वेळी थोडं थोडं वर ओढून आणलं होतं. जांभा छिद्राळ, पाणी पितो, पण शेवटी त्याच्यावर पातळ लाल चिखलाचा लेप बसला. सरळ उडीची जागा निसरडी झाली. उलट बाहेरच्या बाजूची पानं चाकांनी उडवून लावली होती आणि खालची घट्ट माती उघडी पडली होती. म्हणजे पहिल्या फेरीत जी वाट धोक्याची होती ती तिसऱ्या फेरीत सर्वात भरवशाची झाली. शनिवारी चालून जे वाचलं होतं ते रविवारी नऊ वाजेपर्यंत पुसलं गेलं होतं, आणि ते पुन्हा वाचणाऱ्यालाच पुढे जाता येणार होतं.

फाउंड्रीवाल्यांनी तिसऱ्या फेरीतही उडीच घेतली आणि चाक सरकलं. पडले नाहीत, पण रेषा सुटून मुळाजवळ अडकले. मॅडम त्यांच्या दोन सायकली मागे होत्या. त्यांनी या वेळी ब्रेक पहिल्या दोन फेऱ्यांपेक्षा उशिरा लावला, कारण बाहेरच्या मातीवर आता पकड आहे हे त्यांना मागच्या फेरीतच कळलं होतं. मोठा वळसा घेत त्या बाहेरून निघून गेल्या. मागे वळूनही बघितलं नाही. कॉलेजकुमारानेही शेवटच्या फेरीत आपली लाडकी आतली वाट सोडली. मूळ आता चिखलाने माखलं होतं. आपल्या हातखंड्याची जागा सोडून देणं, तेही शर्यत अटीतटीला आलेली असताना, हे मला त्याच्या पहिल्या फेरीतल्या करामतीपेक्षाही मोठं वाटलं. चांगला गवई बैठकीतल्या श्रोत्यांना बघून राग बदलतो, तसं काहीसं ते होतं.

चढाबद्दल थोडक्यात. सड्यावर जाणारा चढ खडीचा. पुढे झुकलं तर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, मागे बसलं तर पुढचं चाक उचलतं. सीटच्या टोकावर सरकून, छाती हँडलजवळ आणून, पेडलला झटका न देता गोल फिरवत राहायचं. मॅनेजर यात वाकबगार. मागच्या चाकावरच्या पन्नास दात्यांच्या चक्रीवर चेन टाकून ते असे एका लयीत वर गेले की गुरं राखणारा पोरगासुद्धा उठून उभा राहिला. शर्यत त्यांनीच जिंकली. मॅडम दुसऱ्या, कॉलेजकुमार तिसरा. वेळा मी वहीत लिहिल्या, वाचून दाखवल्या, मंडळी जेवायला बसली. मॅनेजरांनी जेवताना सगळ्यांसमोर कबूल केलं की वळणातली बाहेरची वाट त्यांनी मॅडमच्या टायरचे ठसे बघून धरली होती. जिंकणाऱ्याने ठसे वाचले, हेही कसबच.

या जमिनीवर प्रेम असेल तर काही गोष्टी मनापासून पाळाव्या लागतील, आणि इथे मला तडजोड मान्य नाही. पावसाळ्यात आणि पाऊस उघडल्यानंतरचे काही आठवडे या वाटांवर सायकल घालू नये. ओल्या लाल मातीत टायरने पडलेली चरी पुढच्या पावसात ओघळ होते, आणि दोन वर्षांत बागेची माती ओहोळात जाते. सड्यावर पावसानंतर उगवणारी इवलीशी फुलं आणि गवतं त्या कातळावरच्या बोटभर मातीतच जगतात. तिथे वाट सोडून एक चाकही फिरवू नये. चंदगडचं सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटर जंगल आता संवर्धन राखीव आहे. गवे आहेत, अस्वलं आहेत, कर्नाटकातून आलेले हत्ती दोन दशकांहून अधिक काळ या पट्ट्यात फिरतात. त्या क्षेत्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय शर्यत तर सोडाच, सरावही नको. आणि गरजही नाही. महिपाळगड, गंधर्वगड, पारगड हे इथले गड आजही नांदते आहेत. पारगडावर तर तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा किल्लेदार होते आणि गडकऱ्यांच्या वंशजांनी वस्ती राखली, असं परंपरा सांगते. अशा वस्त्यांना जोडणाऱ्या पाणंदी, गाडीवाटा, बागांच्या कडा एवढ्या आहेत की जंगलात शिरावंच लागू नये.

कोल्हापूर आणि बेळगावच्या सायकल क्लबांना माझी विनंती आहे. तुमच्याकडे माणसं आहेत, रविवार आहेत, पैसाही आहे. डांबरी रस्त्यावरच्या शंभर किलोमीटरच्या फेऱ्या घालताच आहात. हिवाळ्यातला एक रविवार चंदगडला द्या. ग्रामपंचायतीला आणि बागायतदारांना बरोबर घ्या, फेरी छोटी ठेवा, चार-पाच किलोमीटरची, म्हणजे बघणाऱ्याला तीच माणसं पुन्हा पुन्हा दिसतील. गावातल्या मुलामुलींना प्रवेश फुकट ठेवा आणि दोन-चार बऱ्या सायकली उसन्या द्यायची सोय करा. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय पातळीवर माउंटन बाइकमध्ये महाराष्ट्राला पदकं मिळवून दिली आहेत. या वाड्यांतून तशी मुलगी निघणार नाही असं कोणी म्हणू नये. तिला आधी शर्यत दिसायला हवी.

आणि नुसतं बघायला येणार असाल तर समाप्तीच्या रेषेवर गर्दी करू नका. आदल्या दिवशी या, फेरी पायी चाला, एखादं अवघड वळण निवडा आणि सगळ्या फेऱ्या तिथेच उभे राहा. सकाळी साडेसातच्या आत जागा धरा. ऊन वर आलं की काजूच्या सावल्या वाटेवर पडतात आणि मग मूळ कुठलं आणि सावली कुठली हे लांबून कळत नाही.